अख्खी चिंबोरी

भुईगावात द्वारकाकाकीचा हात सगळ्यांना ठाऊक होता. कोणाकडे बारसं असो की पाहुण्यांची पंगत, वाटण वाटायला आधी तिला बोलावणं यायचं. कांदा-खोबरं किती भाजायचं आणि विस्तवावरून कधी उतरवायचं, हे तिला नुसत्या वासावरून कळे. आणि जिवंत चिंबोरी, म्हणजे खाडीतला मोठा खेकडा, मोडावी तर तिनेच. बाप्यांनीसुद्धा हात मागे घ्यावा अशी नांग्या फाकवून बसलेली चिंबोरी ती मागून धरून उचलायची आणि बोलता बोलता साफ करून टाकायची.

तोंड मात्र तिचं फारसं कोणी ऐकलेलं नव्हतं. ते ऐकू आलं एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या शिमग्याआधी, आणि तेही एका चिंबोरीपायी.

द्वारका मूळची आगाशीची. बापाची पानवेलींची वाडी होती. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, मग घरात आणि वाडीत राबली, मग लग्न होऊन भुईगावात आली. सासरही वाडीवाल्यांचंच. पुढे अंगण, मागे केळीची वाडी आणि वाडीत बावखल, म्हणजे झाडांना पाणी द्यायला खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. घरात थोरले दीर आत्माराम, थोरली जाऊ यशोदा आणि द्वारकाचा नवरा हरिश्चंद्र. सासरा आधीच गेलेला. सासू होती, तीही पुढे थोड्या वर्षांत गेली; पण तिने घालून दिलेल्या रीती घरात तशाच नांदत राहिल्या.

त्यातली एक रीत दिरांची. थोरल्या दिरांसमोर पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी सरळ बोलायचं नाही. म्हणून दादा समोर पाटावर बसलेले असले तरी द्वारका म्हणायची, "वहिनी, दादांना विचारा, भात वाढू का?" आणि दादाही मान वर न करता म्हणायचे, "यशोदा, तिला सांग, थोडाच वाढ." यशोदा मध्ये उभी राहून दोन्हीकडे नुसती बघायची. सांगण्यासारखं काही उरलेलंच नसे. त्या दोघांचं सगळं बोलणं इतकी वर्षं असं यशोदावरून चाललेलं.

दुसरी रीत कोणी घालून दिलेली नव्हती, ती आपोआप पडली होती. अमावास्या जवळ आली की चिंबोऱ्या भरतात, त्या सुमाराला आत्माराम बाजारातून घेऊन यायचे. द्वारका त्या मोडायची. कवटी वेगळी, पाय वेगळे, नांग्या वेगळ्या. मग वाटण, मग कालवण. वाढताना नांग्या बाप्यांच्या ताटात पडायच्या. खरं मांस असतं ते नांगीत. उरलेल्या नांग्या पोरांना. बायका मागून बसायच्या तेव्हा पातेल्यात चोखायचे पाय असत आणि रस्सा. वाढणारी बाईच होती आणि कोणी तिला तसं वाढायला सांगितलं नव्हतं, तरी ती तसंच वाढायची. हरिश्चंद्र वाईट माणूस नव्हता. पण ताटातल्या नांगीकडे बघून बायकोची आठवण त्याला कधी झाली नाही, आणि तिनेही ती कधी करून दिली नाही. अशी वीसेक वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, विरारला दिली.

मग एका पौषात हरिश्चंद्रला कावीळ झाली. झाडपाला झाला, डॉक्टर झाला, पण तो उठला नाही.

तेराव्यानंतर घरात पुन्हा मासळी शिजली. त्या दिवशी यशोदाने द्वारकाच्या ताटात वरण-भात वाढला आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आईंची रीत आहे गो. कुंकू गेलेल्या बाईने या घरात मासळी तोंडाला लावायची नाय. मी काय करू?" गावात सगळीकडे असं नव्हतं. पलीकडच्या आळीत विधवा बायका सगळं खात होत्या. ज्या घरात जशी सासू, तशी त्या घराची रीत. द्वारकाने ताट पुढे ओढलं आणि जेवली. दुःखात जिभेची आठवण कोणाला होते?

पण हात तिचे चालूच राहिले. यशोदाला जिवंत चिंबोरीची भीती. तेव्हा मोडायची द्वारकाने, वाटायचं द्वारकाने, फोडणीला टाकायचं द्वारकाने. मीठ बरोबर आहे का, ते तेवढं यशोदा चाखून सांगायची.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर आठवडाभराने चिंबोऱ्या आल्या. आत्मारामांनी पहिला घास घेतला, नांगी दाताखाली फोडली आणि खूश होऊन म्हणाले, "यशोदा, तिला सांग, वाटण झकास जमलंय. हाताला चव आहे तिच्या."

द्वारका आत चुलीपाशी बसली होती. समोर तिचं ताट होतं. त्यात वरण होतं. हाताची बोटं तिने नाकाशी नेली. त्यांना चिंबोरीचा वास होता. हाताला चव चालते आणि तोंडाला चालत नाही, हे देवाने सांगितलंय का सासूने, याचा तिने त्या दिवशी पहिल्यांदा नीट विचार केला. ती देवभोळी नव्हती, पण देवाची होती. सोमवारी निर्मळच्या देवळात जाऊन यायची, संकष्टी धरायची, श्रावणात कांदासुद्धा चिरायची नाही. देवाशी तिचं बोलणं कोणावरून जात नव्हतं, सरळ होतं. तिने विचारलं, आणि तिला आतून कुठूनही नाही असं ऐकू आलं नाही.

बुधवारी ती तुळिंजच्या बाजाराला जायची. वाडीतली केळीची पानं, केळफुलं, शेवग्याच्या शेंगा असं काहीबाही घेऊन बसायची. तुळिंजला तेव्हा चाळींच्या शेजारी बिल्डिंगा उभ्या राहू लागल्या होत्या. कुठून कुठून माणसं राहायला येत होती आणि बाजार दर महिन्याला रस्त्यावर थोडा आणखी पुढे सरकत होता. द्वारकाच्या बाजूलाच पुतळाबाई बसायची. ती चांदीपकडची, खाडीकाठच्या शेतकरी घरातली. तिचा नवरा काशीराम बांधाच्या बिळांत आकडी घालून चिंबोऱ्या काढायचा आणि ती ओल्या गोणपाटाखाली पाटीत घालून आणायची. एकेका चिंबोरीच्या नांग्या सुतळीने करकचून बांधलेल्या, आणि दोन दोन चिंबोऱ्या पुन्हा एकमेकींना बांधलेल्या. त्याला ती जोड म्हणायची. विकायची तर जोडच. सुटी मागितली की तोंड फिरवायची. सुटी विकली की बिळं रिकामी पडतात, असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं.

त्या बुधवारी पुतळाबाईने पाटी टेकवली, गोणपाटावर पाणी शिंपडलं, आणि पाहते तर द्वारका आपली पानं सोडून तिच्यासमोर उकिडवी बसलेली.

"काय गो द्वारकाबाय? आज माज्या पाटीत काय बगतेस?"

"एक चिंबोरी दे."

"एक जोड."

"जोड नाय. एक."

पुतळाबाई हसली. "एकीचा काय करशील? डोल्यांना लावशील? घरात मानसां किती तुज्या!"

"माणसं आहेत. खाणारी मी एकटी."

पुतळाबाईचं हसू थांबलं. तिने द्वारकाच्या कपाळाकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्यात चालता?"

"आमच्यात काय चालतं, तेच आज बघायचंय मला."

"चालव बाय, तुजा तू चालव. पन सुटी नाय देनार मी. आनि भवानी बी झाली नाय माजी अजून. पयलंच गिऱ्हाईक, आनि त्याला एकटी चिंबोरी? सासू सपनात येल माज्या."

"येऊ दे. तिला सांग, भुईगावची द्वारका घेऊन गेली. काय भांडायचं ते तिकडे जाऊन भांड."

"अगो पन एकीचा वाटन कसा करशील? पाट्यालाच लागून जाल सगला."

"वाटण करणारच नाय. अख्खी उकडणार, मिठाच्या पाण्यात."

"आमच्यासारी?" पुतळाबाईला नवल वाटलं. खाडीकाठची माणसं बांधावर तीन दगड मांडून तशी उकडून खायची, पण वाडीवाल्यांच्या घरी चिंबोरी म्हणजे कालवणच. "कालवन सोडून उकडून खानार?"

"कालवण करायचं तर मोडावी लागते. मोडली की वाटे पडतात. आणि वाटे पडले की नांग्या कोणाच्या ताटात जातात, ते तुला मी सांगायला पाहिजे?"

पुतळाबाईने तोंडातली मशेरी बाजूला थुंकली आणि गुडघ्यावर थाप मारून हसली. "आमच्याकडं बी त्यांच्याच ताटात जातात गो मेल्या!" मग पाटीत हात घालून तिने सगळ्यांत मोठी जोड वर काढली. त्यातला एक जबरदस्त नर होता. हिरवट काळा, अडकित्त्यासारख्या नांग्या. मधली सुतळी तिने विळ्याने कापली. नर द्वारकाच्या हातात दिला. दुसरी चिंबोरी आपल्या पदराखाली, मांडीशी ठेवली.

"ही मी नाय विकायची. मीच खानार, घरी जाऊन. एक तू खा, एक मी खाते. खानाऱ्या दोघी झाल्या, म्हंजे जोडच झाली. आता काय बोलनार सासू?"

द्वारकाने पैसे टाकले. पुतळाबाईने ते कपाळाला लावले आणि भवानी करून घेतली.

पानं खपल्यावर द्वारका उठली. पाटी रिकामी होती. चार चुरगळलेली पानं उरली होती, त्यांच्याखाली चिंबोरी सहज लपली असती. एकदा तिच्या मनात आलंही. मग तिने ती चिंबोरी कापडी पिशवीत घातली, पिशवीवर पाणी मारलं आणि हातात उघडी धरून एस्टीत चढली. पिशवी हलत होती, आतून बारीक फसफस ऐकू येत होती.

"काकी, पिशवी बोलते तुमची," कंडक्टर म्हणाला.

"बोलू दे. तिला तिकीट लागतं का?"

घरी येऊन तिने पिशवी ओटीवर, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत ठेवली. यशोदा बाहेर आली.

"काय आणलंस गो?"

"चिंबोरी."

"मग ह्यांना सांगायचं ना, यांनीच आणल्या असत्या. किती आहेत?"

"एकच. माझ्यापुरती."

यशोदाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली. "द्वारके, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? भावजींना जाऊन जेमतेम वर्ष झालं."

"झालं ना वर्ष? वर्षभर मी एक शब्द बोलले नाय."

"देवाधर्माचं तरी भय धर."

"देवाचं सगळं देवाला देते मी, वहिनी. सोमवार त्याचा, संकष्टी त्याची, श्रावण अख्खा त्याचा. त्यातलं काही सोडलेलं नाय, मरेपर्यंत सोडणार नाय. बुधवार माझा."

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी जेवायला बोलावलेलं नाय. एकच आहे, पुरायची नाय त्यांना."

तेवढ्यात आत्माराम वाडीतून आले. अंगणात पाय धुताना त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते ओटीवर चढले, पिशवीला वळसा घालून खांबाला टेकून बसले. आत्माराम दुष्ट नव्हते, देवळात दिव्याला तेल घालणारा माणूस होता. पण आईचा शब्द म्हणजे त्यांना देवाच्या शब्दाखालचाच वाटायचा.

"यशोदा, तिला सांग, या घरात राहायचं तर आईची रीत पाळावी लागेल."

"वहिनी, दादांना सांगा, रीत पाळायला मी वर्षभर ना म्हटलं नाय. पण मी ती मनापासून पाळत नाय, आणि देवाला खोटं चालत नाय."

"तिला सांग, एवढंच असेल तर हरीच्या वाट्याची मागची पडवी आहे. तिथे वेगळी चूल मांड म्हणावं. मग या चुलीशी, या पंगतीशी संबंध नाय."

यशोदाने एकदम नवऱ्याकडे पाहिलं. हे मोठं बोलणं होतं. एका घरात चूल वेगळी झालेल्या विधवेला मग भाऊबंदांतलं कोणी लग्नाकार्याला बोलावत नसे. मुलीच्या सासरी विरारला बातमी जाणार ती वेगळीच. द्वारकाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"वहिनी, दादांना सांगा," ती म्हणाली, "वेगळी चूल मांडायची तर मांडीन. पण मग चिंबोऱ्या मोडायला नि वाटणाला त्या चुलीवरून मला हाक मारायची नाय."

द्वारका मागच्या दाराने वाडीत लाकडं आणायला गेली. आता पडवीत मांडायची की घरात, ते दादांना ठरवू देत. पण चूल आज पेटणार एवढं तिचं ठरलेलं होतं.

इकडे आत्मारामांनी विचार केला. भांडणाचं मूळ पिशवीत आहे. ते मूळच नाहीसं केलं तर भांडणही राहत नाही, आणि एका जिवाला सोडल्याचं पुण्य लागतं ते वर. त्यांनी पिशवी उचलली, कनवटीचा चाकू घेतला आणि बावखलावर गेले. काठावर बसून त्यांनी चिंबोरी बाहेर काढली. बांधलेल्या जिवाला पाण्यात टाकणं म्हणजे पाप, म्हणून आधी सुतळी कापली.

पहिल्या नांगीची सुतळी तुटली. दुसरी कापायच्या आत पहिली नांगी त्यांच्या बोटावर होती.

आत्मारामांचा आवाज केळी ओलांडून पार रस्त्यापर्यंत गेला. द्वारका लाकडं टाकून धावली. ओटीवरून यशोदा धावली. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारीण कॅथरिन हातातलं ओलं लुगडं तसंच घेऊन कुंपणाशी आली. आत्माराम काठावर गोल गोल फिरत होते. हात उंच धरलेला आणि हाताला चिंबोरी लोंबकळत होती. ते हात झटकत होते, आणि झटकला की ती आणखी आवळत होती.

"द्वारका! सोडव गो मला!"

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलले. यशोदा मध्ये उभी होती, तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

द्वारकाने पदर कमरेला खोचला. डोकं उघडंच राहिलं. "दादा, हात झटकू नका. खाली बसा."

"तोड नांगी तिची! तोड!"

"नांगी तोडणार नाय."

"अगो, बोट तुटेल माझं!"

"तुटत नाय. एका जागी बसा. अख्खी पाहिजे मला ती."

यशोदाने कपाळावर हात मारला. "द्वारके, माणसाचं बोट मोठं का चिंबोरीची नांगी?"

"आजपर्यंत तर नांगीच मोठी होती, वहिनी. जपून जपून यांच्याच ताटात घातली आपण."

"आत्मारामदादा, पाण्यात घाल हात!" कॅथरिन कुंपणावरून ओरडली. "पाणी लागलं की सोडते ती!"

आत्माराम बावखलाकडे वळले. द्वारका आडवी आली. "बावखलात नाय. तिथे सुटली की माझ्या हाती लागायची नाय. आणि खाडीची चिंबोरी ती, गोड्या पाण्यात दोन दिवसांनी मरून वर येईल. त्याचं पुण्य कोणाला?" तिने केळींना पाणी घालायची बादली उचलली, बावखलात बुडवली, भरून काठावर आणली. पण त्यांच्यापासून दोन हात लांब ठेवली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"आधी सांगा, ही चिंबोरी कोणाची?"

"काय?"

"कोणाची चिंबोरी?"

आत्मारामांनी यशोदाकडे पाहिलं. यशोदाने नजर वळवली. बोटातून रक्ताचा थेंब मनगटापर्यंत आला होता.

"तुझी! तुझी, बाई!"

"कोण खाणार?"

"तू खा! अख्खी खा! बादली आण आधी!"

"चूल कुठे मांडू?"

"कुठे काय? आहे ती चूल आहे ना घरात!"

"ऐकलं हो मी!" कॅथरिन म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं, आणि दादाची दयाही येत होती. "येशूशपथ, शब्द न् शब्द ऐकला."

द्वारकाने बादली पुढे सारली. आत्मारामांनी हात बुडवला. चिंबोरीने थोडा वेळ धरून ठेवलं, मग नांगी उघडली आणि बादलीच्या तळाशी गेली. द्वारकाने हात घालून तिला मागून धरलं, बाहेर काढलं आणि तुटक्या सुतळीने पुन्हा बांधलं. आत्माराम बोट तोंडात धरून घराकडे चालू लागले. मागून यशोदा हळद शोधायला पळाली.

घरातल्या चुलीवर पाणी चढलं. द्वारकाने देवाच्या फळीसमोर उभं राहून हात जोडले. मागितलं काहीच नाही. लपवून नाही करत, एवढं तिने सांगितलं. चिंबोरीचा जीव तिने आधी सुरीच्या टोकाने घेतला, तेव्हाही देवाचं नाव घेतलं. मग मीठ, चिमूटभर हळद, आणि अख्खी चिंबोरी पाण्यात. बघता बघता हिरवट काळी पाठ शेंदरी लाल झाली. वास ओटीपर्यंत गेला.

ती चुलीपाशीच बसली. समोर ताट, ताटात चिंबोरी, सगळ्या पायांनिशी, दोन्ही नांग्यांनिशी. मोठी नांगी तिने पाट्यावर ठेवून वरवंट्याने हलकेच फोडली. आतून पांढराशुभ्र, धाग्याधाग्यांचा, वाफाळता गोळा निघाला. तिने तो तोंडात घातला.

गोड होता. इतका गोड असेल असं तिला वाटलं नव्हतं. वीस वर्षं समोर बसून खाल्लं आणि एकदाही सांगितलं नाही हे किती गोड लागतं, असं तिच्या मनात आलं, आणि तिला हरिश्चंद्रचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणून वर्षभर तिने तो येऊ दिला नव्हता. आता तो आला, आणि त्याच्या मागोमाग तो स्वतःही आला. त्याचं मान खाली घालून जेवणं, बोटं चाटणं, पाट सरकवून उठणं. तिने डोळे पुसले नाहीत. दुसरी नांगी फोडली.

मग कवटी उघडून आतलं पिवळं खाल्लं. मग एकेक पाय. घाई केली नाही. काहीही ठेवलं नाही.

यशोदा केव्हापासून दाराशी उभी होती. हळदीने तिची बोटं पिवळी झाली होती. द्वारकाचं ताट रिकामं झालं तेव्हा ती आत आली.

"कसं लागतं गो?"

"काय?"

"नांगीतलं."

द्वारकाने तिच्याकडे पाहिलं. ही बाई तिच्याआधी या घरात आली होती. हिचा नवरा समोर ओटीवर धडधाकट बसला होता, कपाळावर कुंकू होतं, हिला कोणी कधी काही खायची बंदी केलेली नव्हती. आणि तरी हिला ते माहीत नव्हतं.

"गोड."

यशोदा ताटातल्या टरफलांकडे बघत राहिली. "मला वाटलं, एक तरी ठेवशील माझ्यासाठी."

"नाय ठेवली."

"एवढी परकी झाले मी?"

"परक्या नाय, वहिनी. ठेवली असती तर तुम्ही ती दादांच्या ताटात घातली असती. बोट दुखतंय बिचाऱ्यांचं, म्हणून."

घातलीच असती, हे यशोदालाही ठाऊक होतं.

"पुढच्या बुधवारी तुळिंजला चला माझ्याबरोबर," द्वारका टरफलं गोळा करत म्हणाली. "पुतळाबाईकडून तुमची तुम्ही घ्या. चूल मी पेटवून देईन."

"मी? आणि ह्यांना काय सांगू?"

"जे आहे ते."

यशोदाने वळून ओटीकडे पाहिलं. आत्माराम खांबाला टेकून बसले होते. चिंधी बांधलेलं बोट त्यांनी वर धरलं होतं आणि ते रस्त्याकडे बघत होते. तिने पदर सारखा केला, द्वारकाच्या अगदी जवळ सरकली आणि कुजबुजली, "सकाळची बस कितीला असते गो?"

"मोठ्याने विचारा," द्वारका म्हणाली. "ऐकू आलं नाय."